आमच्या जिन्यातला प्रचार

माझी लेक जपानी शाळेत पहिलं सबंध वर्ष एक शब्द बोलली नाही. घरी तिची टकळी बंद करायला मला ओरडावं लागायचं, आणि तीच पोरगी शाळेच्या फाटकातून आत गेली की मुकी व्हायची. हजेरीला बाकीची मुलं खणखणीत आवाजात ओ द्यायची, ही नुसता हात वर करायची. दुपारच्या जेवणात मासा आला तर 'मी खात नाही' एवढंही तिच्या तोंडून निघायचं नाही. ताट पुढ्यात ठेवून जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ती बसून राहायची. वर्गशिक्षिकेने एकदा मला बोलावून फार अदबीने विचारलं होतं, तिला ऐकू येतं ना?

त्या वर्षांत पुण्यामुंबईहून जपानला सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती. माझा नवरा त्यातलाच एक. कंपनी तोक्योत, पण तिथलं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून त्सुकुबाला जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गावरच्या एका शहरात आम्ही राहायला गेलो. जुनी सरकारी वसाहत, पाच मजली इमारती, लिफ्ट नाही, एका जिन्याला दहा घरं. नवरा सकाळी बाहेर पडायचा तो लेक झोपल्यावर यायचा. दुकान, दवाखाना, शाळा, कचऱ्याचे वार हे सगळं माझ्या वाट्याला आलं होतं, आणि मला भाषा धड येत नव्हती. मी डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात भाज्या चिरायला जायचे. तिथे तोंड उघडायची गरज पडत नसे, म्हणून ते काम मला आवडायचं. लेकीचं काय होत असेल ते मला त्या कारखान्यात उभं राहून बरोबर समजायचं.

शाळेत जिन्याखाली एक लहानशी 'भाषेची खोली' होती. बाहेरदेशच्या चारपाच मुलांना जपानी शिकवायला तिथे रोज एक तास वेगळं बसवायचे. शिकवणाऱ्या शिक्षिका शांत स्वभावाच्या होत्या, बोल म्हणून कधी मागे लागायच्या नाहीत. दुसरीच्या वर्षात, तिथली उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर सप्टेंबरात, त्यांनी मला फाटकाशी गाठलं आणि म्हणाल्या, "आज तिने माझ्याकडे खोडरबर मागितला." मी सायकल लावायच्या जागेत जाऊन रडले. पुढच्या काही आठवड्यांत ती त्या खोलीत गोष्टी सांगायला लागली. वर्गात अजून काही बोलत नव्हती, पण शिक्षिका म्हणाल्या, वर्षभर जाऊ द्या, आतून बाहेर येईल.

आणि नेमकं त्याच सुमाराला शहराच्या नगरपालिकेने ठरवलं की अशा खोल्या शाळाशाळांतून ठेवणं परवडत नाही. नव्या शैक्षणिक वर्षापासून, म्हणजे एप्रिलपासून, सगळ्या बंद. त्याऐवजी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकच केंद्र, आठवड्यातून एकदा, आणि मुलांना आईबापांनी नेऊन सोडायचं. ते पत्रक हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते. मोठ्या कष्टाने उघडलेलं दार कुणीतरी बाहेरून लावून घेतंय आणि मी बघत उभी आहे, असं वाटलं. कुणाशी भांडायचं, तेही माहीत नव्हतं.

विरोध करणारी एकच नगरसेविका होती. साठीची बाई, केस आखूड कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, सगळीकडे सायकलवरून फिरायची. पूर्वी बालवाडीत शिकवायची. पालकांच्या सभेत ती आली, आणि सभा संपल्यावर मला गाठून सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "येत्या महिन्यात निवडणूक आहे. मी निवडून आले तर मार्चच्या बैठकीत हा विषय पुन्हा काढीन. नाही आले तर काढणारं कुणी नाही." तिने उगाच धीर दिला नाही. मला तेव्हा तिचा थोडा रागच आला, पण विश्वासही बसला.

पुण्यात मतदानाच्या सुट्टीला आम्ही सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खायचो. इथे माझ्या पोरीचा आवाज एका निवडणुकीवर टांगलेला होता आणि मला मत नव्हतं. नवऱ्याला नव्हतं, आमच्या ओळखीच्या एकाही मराठी घराला नव्हतं. मी त्या बाईच्या प्रचार कचेरीत गेले आणि म्हटलं, मला काहीही काम द्या.

कचेरी म्हणजे एक बंद पडलेलं चपलांचं दुकान होतं. कारभार बघायला एक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट, फार नियमाने चालणारे. मला पत्ते लिहिता येईनात, फोन घेता येईना. शेवटी त्यांनी मला हातमोजे धुवायला दिले. तिथे प्रचार आठवडाभरच चालतो. भोंगा लावलेली गाडी दिवसभर गल्लोगल्ली हळूहळू फिरते, आतल्या बायका उमेदवाराचं नाव पुन्हा पुन्हा घेतात आणि पांढरे हातमोजे घालून खिडकीतून हात हलवतात. ते हातमोजे रोज मळायचे. मी ते धुऊन, वाळवून, जोड्या लावून ठेवायचे. एवढं मन लावून मी स्वतःच्या घरचे कपडे कधी धुतले नसतील.

पहिल्याच दिवशी त्या गृहस्थांनी मला दोन नियम बजावले होते. मतं मागायला कुणाच्याही दारात जायचं नाही, तो गुन्हा आहे. आणि कुणाला खायला-प्यायला द्यायचं नाही. कचेरीत आलेल्याला चहा आणि साधी बिस्किटं चालतात, बास. घरी जेवताना मी ही गंमत सांगितली. माझ्या सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा घास हातातच राहिला.

"दारात जायचं नाही? मग मतं मागतात कशी? गाडीतून टाटा करून?"

नवरा हसला. "आई, जपान आहे हे."

"असू दे. माणसंच आहेत ना?"

सासूबाईंची सारी हयात पुण्यातल्या एका वॉर्डात गेली होती. महापालिकेची निवडणूक आली की पदर खोचून त्या बायकांचा जथा घेऊन निघायच्या. मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवायच्या, कुणाच्या सुनेचं नाव यादीत नाही, कुणाच्या म्हाताऱ्याला रिक्षा लागेल, सगळं तोंडपाठ. आळीतली पाण्याची लाइन आपण आणली असं त्या सांगायच्या, आणि त्यात तथ्यही होतं. निवडणूक म्हणजे जिने चढणं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

प्रचाराच्या त्याच आठवड्यात दिवाळी आली. सासूबाईंनी फराळ केला, आणि काय केला! इवल्याशा त्या स्वयंपाकघरात चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. शेजारी द्यायचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, "आई, मतदान होऊन जाऊ दे, मग देऊ. उगाच शंका नको." त्या "बरं" म्हणाल्या. पण दिवाळी उलटून गेल्यावर शेजाऱ्याला फराळ द्यायचा हे काही त्यांच्या मनाला पटेना. शिवाय त्यांचा आणखी एक हिशेब होता, तो त्यांनी मला नंतर सांगितला. नियम कचेरीसाठी. आपण कुठे कचेरीतले? आपण घरचे. आणि फराळ काय निवडणुकीचा आहे? तो दिवाळीचा.

मी कारखान्यात होते. लेक शाळेतून आली होती. सासूबाईंनी पुडे बांधले, नऊवारी नेसल्या, आणि घरोघरच्या टपालपेटीत आलेल्या निवडणुकीच्या पत्रकातला त्या बाईचा फोटो कात्रीने कापून हातात घेतला. नातीच्या हाती पिशवी दिली. आणि दोघी आमच्या जिन्यातल्या एकेका दाराशी गेल्या. बेल लेकीने वाजवायची. दार उघडलं की सासूबाई पुडा पुढे करायच्या, हात जोडायच्या, फोटोकडे बोट दाखवायच्या, मग नातीच्या डोक्यावर हात ठेवायच्या. भाषा येत नसताना यापेक्षा चांगला प्रचार कुणी करू शकेल असं मला वाटत नाही. मी घरी आले तेव्हा त्या सोफ्यावर पाय पसरून बसल्या होत्या, चेहरा फुललेला. म्हणाल्या, "आपला जिना पक्का झाला गं. सगळ्यांनी वाकून वाकून घेतलं."

मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले तर ते गृहस्थ माझी वाटच बघत होते. उभे राहिले, वाकले, आणि इतक्या हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. आमच्या इमारतीतून कुणीतरी फोन केला होता. एक परदेशी म्हातारी खाऊ वाटत दारोदार तुमच्या उमेदवारासाठी मतं मागतेय. पोलिसांकडेही गेलंय. मी सांगायचा प्रयत्न केला. दिवाळी म्हणजे काय, फराळ म्हणजे काय, माझ्याकडे शब्दच नव्हते. खाऊ, खाऊ, एवढंच मी परत परत म्हणत होते, आणि त्यांच्या कानाला तो पुन्हा पुन्हा दिलेला कबुलीजबाबच वाटत असणार. शेवटी ते म्हणाले, "कृपा करून निवडणूक होईपर्यंत इकडे येऊ नका." माझ्या हातात धुतलेले हातमोजे होते. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आले तर दाराच्या मुठीला पिशव्या लटकत होत्या. कोम्बिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, पांढऱ्या पिशव्या. आत आमचेच पुडे, न उघडलेले, सोबत माफीच्या चिठ्ठ्या. घेणाऱ्यावरही बालंट येतं असं कुणीतरी सगळ्यांना सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरची एकटी राहणारी आजीबाई तर स्वतः वर आली. रडकुंडीला येऊन विचारायला लागली, मी लाडू खाऊन टाकलाय, आता काय करू? एरवी मी हसून लोळले असते.

नवरा त्या दिवशी उजेडी घरी आला, जपानला आल्यापासूनची पहिली वेळ. मीच फोन करून त्याच्या कानावर घातलं होतं.

"आई, तुला काही कळतं का? व्हिसा रिन्यूअलला टाकलाय माझा! पोलीस केस झाली तर कंपनी एका दिवसात घरी पाठवेल!"

"अरे, फराळ दिला मी. विष नाही दिलं."

"तुला पकडतील! कळतंय का? पकडून नेतील!"

तो रागाच्या भरात बोलला. कुणी त्यांना पकडून नेणार नव्हतं हे त्यालाही ठाऊक असावं. सासूबाई उठून गॅलरीत गेल्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांमागे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. लेक भिंतीतल्या कपाटात, गाद्यांच्या घडीवर बसली होती. सरकतं दार अर्धं उघडं होतं आणि ती सगळं ऐकत होती. तिला काढायला गेले तर म्हणाली, इथेच बसते.

पोलिसांचा फोन आला की उद्या दुपारी येऊ. मी कारखान्यात लवकर सुट्टी मागितली होती, पण पाठीमागून ट्रे येतच राहिले आणि मुकादमाने सोडलं तेव्हा उशीर झाला होता. सायकल कशी हाणली ते माझं मला माहीत. जिना चढताना वरून एका लहान मुलीचा आवाज येत होता, जपानीतून, भरभर, स्पष्ट. मला वाटलं शेजारची मुलगी. आमच्या दाराशी आले तेव्हा कळलं की ती माझी मुलगी आहे. वर्ष-दीड वर्ष मी ज्या आवाजासाठी देव पाण्यात घालून बसले होते, तो मी ओळखला नाही.

दार उघडंच होतं. दोन साध्या सुटातले पोलीस बूट काढायच्या जागेतच उभे होते. त्यांच्यासमोर सासूबाई फराळाचं ताट घेऊन, हसतमुखाने. दारी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? आणि पोलीस नि ताट यांच्या मध्ये माझी लेक, हात पसरून.

"खाऊ नका," ती त्यांना सांगत होती. "खाल्लं की आजीला पकडतील. आजीला काही माहीत नाही. तिला जपानी येत नाही. बेल मी वाजवली. ते माझ्या खोलीसाठी होतं. मला ती खोली नको. मी तिथे कधीच जाणार नाही. मग आजीला नेणार नाही ना?"

मी आत शिरायला हवं होतं. पण मी तिथेच खिळले, आणि खरं सांगते, मला आनंदाने हुंदका आला. तिचं व्याकरण किती स्वच्छ होतं! ती काय बोलतेय याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही, ती बोलतेय एवढंच मला ऐकू येत होतं.

वयाने मोठा पोलीस गुडघ्यांवर बसला. "नाही नेणार," तो म्हणाला. तिने करंगळी पुढे केली. तिथली मुलं वचन देताना करंगळीत करंगळी अडकवतात. त्यानेही अडकवली, वर हसून म्हणाला, किती छान बोलतेस तू. मग मला बघून उठला, तोंडी समज दिली, पुन्हा असं होऊ नये म्हणाला, आणि दोघे फराळाला हात न लावता गेले. सासूबाईंना वाटलं, नातीने त्यांना दिवाळी समजावून सांगितली. त्यांनी तिची दृष्ट काढली.

रविवारी मतमोजणी झाली. बाई पडली. तिथे वॉर्ड नसतात, अख्ख्या शहरातून जास्त मतांचे तेवढे निवडून येतात; ही शेवटच्या निवडून आलेल्या उमेदवाराच्या अगदी मागे, थोडक्यात. सोमवारी सकाळी स्टेशनबाहेर ती एकटीच उभी होती, नेहमीचे बूट, सायकल बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करत. मला बघून स्वतःच पुढे आली. "तुमच्या जिन्यामुळे नाही," म्हणाली. "दहा घरांनी काय होतंय." मी विचारलं, मग मार्चच्या बैठकीत? तिने मान हलवली. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी चालली होती. मला वाटलं, हिने माझ्यावर ओरडावं, सगळ्यांसमोर. म्हणजे निदान जे झालं ते कशामुळे, हे तरी समजलं असतं. ती ओरडली नाही, आणि पुढची गाडी आली तसे आम्ही दोघी बाजूला झालो.

सासूबाई डिसेंबरात परत गेल्या. मार्चमध्ये भाषेची खोली बंद झाली. तिथे आता शाळेचे झाडू ठेवतात असं लेकीने सांगितलं, मराठीतून. वर्गात ती पुन्हा पूर्वीसारखी झाली होती. हात वर, ओठ बंद. मी नव्या वर्गशिक्षिकेला सांगून बघितलं की ही पोलिसांशी बोलली होती, मी स्वतः ऐकलंय. त्या म्हणाल्या, अरे वा, म्हणजे येतंच की तिला.

म्हणून मी कारखान्यातली पाळी बदलून घेतली, दोन बस बदलून केंद्रापर्यंत जायचा रस्ता एकदा एकटीने जाऊन बघून आले. पहिल्या दिवशी शाळेतून आल्यावर तिला खायला दिलं, दप्तर भरलं, आणि बूट पुढे केले. ती दारात उभी राहिली आणि पाय मागे घेतले.

"मी नाही येणार."

"का गं पिल्लू? तिथे तुझ्या खोलीतल्या त्याच टीचर आहेत."

"मी करंगळी दिलीय पोलीसकाकांना. मी गेले की ते आजीला नेतील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दुपारी ती किती छान बोलतेय हेच मी ऐकलं होतं. तिने काय कबूल केलं होतं ते मी ऐकलंच नव्हतं. मी तिला जवळ घेऊन समजावलं. ते काका विसरून गेले. आजी पुण्याला आहे, तिकडे हे पोलीस जात नाहीत. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. समजूतदार पोर आहे माझी.

"पण आजी परत येणार आहे ना? दिवाळीला?"

खाली बस वळणावर आल्याचा आवाज झाला. ही बस गेली असती तर पुढची चुकली असती, आणि आज ती नाही म्हणाली असती तर मग कधीच हो म्हणाली नसती. मला माझी पोर माहीत आहे.

"नाही," मी म्हटलं. "आजी आता येणार नाही. कधीच नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून बूट घातले, दोन्ही नाड्या बांधल्या, आणि आम्ही जिना धावत उतरलो. केंद्रात ती पहिल्याच दिवशी बोलली. बाहेर बाकावर बसून मी तिचा आवाज ऐकत होते.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी पुण्याहून फोन आला. सासूबाई खुशीत होत्या. शेजारच्या मुलाने इंटरनेटवर बघून सांगितलं होतं की आत्ता काढलं तर विमानाचं तिकीट स्वस्तात पडेल. म्हणाल्या, "काय गं, दिवाळीचं काढून टाकू का?"

लेक माझ्या शेजारी बसली होती, हातातली पेन्सिल थांबवून.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही येऊ नका, आई."